गाठ माझ्याशी आहे

"डाक्टरीन पन त्याच बोलली. हिच्याच पोटात झालंय."

बाहेरच्या बाकावर बसलेल्या आजी फोनवर मुलाला सांगत होत्या. शेजारी त्यांची सून वनिता चार वर्षांच्या मुलीला मांडीवर झोपवून बसली होती. मुलीच्या फ्रॉकला कमरेशी नाडी होती. वनिताने तिची गाठ सोडली होती आणि दोन टोकं दोन हातांत धरून ती नुसती बघत होती.

शुक्रवार होता. भिवंडीत शुक्रवारी लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात, त्यामुळे एरवी ओरडून सांगावं लागतं तेही कुजबुजून ऐकू येतं. काउंटरमागे मला प्रत्येक शब्द ऐकू आला. काचेच्या दारामागे केबिनमध्ये बसलेल्या खारकर मॅडमनाही आला असणार. त्यांनी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला नाही.

त्या खारकर मॅडमबद्दल मी लिहितेय. मला त्या आवडत नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते. लिहिता लिहिता आवडायला लागतील अशी भीती होती. तसं झालेलं नाही.

नारपोलीत मुख्य रस्त्यावरच्या एका इमारतीत, पहिल्या मजल्यावर त्यांची पॅथॉलॉजी लॅब होती. खाली सुताचं दुकान, मागच्या अंगाला लूमचे गाळे. रक्त-लघवी सगळेच तपासतात, पण त्यांच्या लॅबचं नाव होतं ते बायॉप्सीसाठी. शरीरातून काढलेला तुकडा डबीतून यायचा. मुनीरभाई तो मेणात बसवून त्याचे पातळ काप काढायचे, रंगवायचे, काचेवर चढवायचे. मग मॅडम ती स्लाइड बघून सांगायच्या, कॅन्सर आहे का, असला तर कुठला. त्या काय सांगतात याची वाट बघत बाहेरच्या बाकावर अख्खी भिवंडी बसलेली असायची.

मॅडम बुटक्या. खुर्चीत उशी घेतल्याशिवाय त्यांचा डोळा मायक्रोस्कोपपर्यंत पोचत नसे. कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. गालात कायम लवंग. केबिनमध्ये लवंग आणि फॉर्मॅलिन यांचा मिळून एक तिसराच वास तयार झाला होता. मसालेभातातली लवंग मी अजून ताटाच्या कडेला काढून ठेवते.

मायक्रोस्कोपखाली जाड कडप्पा होता आणि कडप्प्याखाली टेम्पोच्या टायरचे कापलेले तुकडे. मागचे लूम सुरू झाले की अख्खी इमारत बारीक थरथरायची, आणि स्लाइडवरच्या पेशीही. म्हणून अवघड स्लाइड्स मॅडम शुक्रवारसाठी ठेवत. शुक्रवारी त्या कामाशिवाय कुणाशी बोलत नसत. भिंग साडीच्या पदराने स्वतः पुसत. दुसऱ्या कुणी पुसलेलं दिसलं तर, "कुणी हात लावला? गाठ माझ्याशी आहे."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मेण नीट गोठलं नाही तर मुनीरभाईंना, डबी कलती झाली तर कुरियरवाल्याला, चहा थंड आला तर खालच्या टपरीवाल्याला. स्लाइडमध्ये एखादी पेशी ओळखायला अडली तर तिलाही. "लप किती लपतेस ते. गाठ माझ्याशी आहे."

पेशींशी त्या माणसांपेक्षा बऱ्या बोलत. माणसांना त्या अवयवांच्या नावाने हाक मारत. "ती थायरॉइड अजून बसलीय का बाहेर?" केबिनचं दार उघडं असायचं. थायरॉइड म्हणजे कुणाची तरी मावशी असायची, हातात काचेच्या बांगड्या, आणि ती सगळं ऐकत असायची.

माझी त्यांच्याशी पहिली भेट मुलाखतीत झाली. एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी होऊन मी घरी बसले होते. लॅब आमच्या घरापासून चालत जाण्यासारखी होती, आणि मला अनोळखी माणसांच्या गर्दीत जायचं नव्हतं.

"नाव?"

मी सांगितलं.

"आडनाव?"

मी सांगितलं. त्यांनी परत विचारलं. मी परत सांगितलं.

"अच्छा. शाळा?"

"इंग्लिश मीडियम."

"हो का? वा."

त्या 'वा'चा अर्थ मी घरी जाईपर्यंत लावत होते. लागला होता, पण दुसरा काही निघतो का बघत होते.

"प्रोजेक्ट कशावर केलास?"

मी इंग्रजीत सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. "मराठीत."

शाळेत मराठी आठवड्यातून थोडेच तास असायचं, आणि त्यात निबंध असायचे. मी शब्द शोधला. "मॅडम, ते... विकासाचे जीन्स... कॅन्सरमध्ये..."

"विकासाचे?" त्यांनी लवंग या गालातून त्या गालात नेली. "मुनीरभाई! सुनो, ये लड़की विकास ढूँढ के लायी है." मग माझ्याकडे वळून, "नारपोलीतच राहतेस ना? बाहेरचा रस्ता बघितलास? विकास सापडला असेल तर आधी महापालिकेला कळव बाई, ते केव्हाचे शोधतायत."

मुनीरभाई हसले नाहीत, हे मी नोंदवून ठेवलं. नोकरी मला मिळाली आणि नोकरीबरोबर नावही. "विकास, फाइल आण." "विकास, बाहेरचा स्वादुपिंड आत पाठव." पुढे कुरियरवालाही मला विकासताई म्हणायला लागला. त्याला वाटलं ते माझं आडनाव आहे.

मी हळू बोलते. लहानपणापासून. मॅडमना ते चालत नसे. "मोठ्याने. तोंडात सूत कोंबलंय का? सूत खाली दुकानात ठेवतात." दिवसातून कितीतरी वेळा हे 'मोठ्याने' यायचं. ऐकू न आल्यामुळे त्या तसं म्हणत नसत. दुसऱ्यांदा बोलताना माझा आवाज कापतो आणि बाकावरची माणसं वळून बघतात, हे त्यांना माहीत होतं.

आणि तरी, माझ्या प्रोजेक्टचा विषय मला खऱ्या अर्थाने कळला तो त्यांच्याकडूनच. याचा मला अजून राग येतो.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कधीतरी, कुणी पेशंट नसताना, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "तुझे ते विकासाचे जीन. ऐक. बाळ पोटात बनतं ते कसं? नवा कारखाना टाकतात तसं. रिकामा गाळा असतो. आधी जॉबर येतो, लूम बसवणारा. इथे चार लूम, तिथे चार, इथून वायर, तिकडे दार. तो ओरडतो आणि सगळे धावतात. सगळं बसलं की त्याचं काम संपलं, तो घरी जातो. पुढे कारखाना कारागीर चालवतात. हे जीन म्हणजे ते जॉबर. किडनी इथे, डोळे तिथे, बोटांच्या मध्ये फट ठेव. पोटात त्यांचं राज्य. जन्मापर्यंत बहुतेकांना सुट्टी. थोडे राहतात दुरुस्तीपुरते, ते हळू बोलतात. तुझ्यासारखे."

मी रिपोर्ट पाकिटांत भरत राहिले.

"आता समज, पन्नास वर्षांनी एक जॉबर परत आला. कुणी बोलावला नाही. पण पेशींना त्याचा आवाज ओळखीचा आहे. तो ओरडला की त्या धावतात. तो लूम टाकत सुटतो. जिन्यात लूम, संडासात लूम, शेजाऱ्याची भिंत फोडून लूम. कॅन्सर नवीन काही शिकत नाही. आपण बाळ असताना जे केलं, तेच भलत्या वेळी, भलत्या जागी करतो. पसरायचं कसं, दुसरीकडे जाऊन घर कसं करायचं, हे सगळं त्याला पोटातच शिकवलेलं असतं." मग जरा थांबून, "सगळे कॅन्सर असे नाहीत. बरेच आहेत. 'सगळे' म्हणालीस तर गाठ माझ्याशी आहे."

विद्यापीठात दोन वर्षं मी जे पाठ केलं, ते असं कुणी सांगितलं नव्हतं. असं सांगता येणाऱ्या बाईने माणसांशी तसं बोलावं, हे मला समजत नसे.

एकदा एक कारागीर बायकोचा रिपोर्ट घ्यायला आला. उत्तर प्रदेशातला असावा. केसांवर कापसाची भुकटी, तसाच ड्युटीवरून आलेला. मॅडमनी वाचून दाखवलं. त्याने विचारलं, "मॅडम, ठीक तो हो जाएगी न?"

"मैं दर्ज़ी नहीं हूँ. मैं सिर्फ़ बताती हूँ कपड़ा कहाँ फटा है."

तो "जी" म्हणाला. रिपोर्टचं पाकीट घडी करून खिशात ठेवलं, बसेना म्हणून परत काढलं, आणि हातात धरून गेला. मी दाराकडे बघत राहिले, तर आतून आवाज आला, "आशा देणारं डिपार्टमेंट वेगळं आहे, विकास. इथे काउंटर सांभाळ."

दुसरी गोष्ट एका शिक्षिकेची. तिच्या स्तनातल्या गाठीला दुसऱ्या एका लॅबने कॅन्सर म्हटलं होतं, ऑपरेशनची तारीखही ठरली होती. मॅडमनी मेणाचा मूळ ठोकळा मागवला, मुनीरभाईंकडून नवे काप काढून घेतले, शुक्रवारपर्यंत थांबल्या, आणि सांगितलं की ही नुसती कॅन्सरसारखी दिसणारी साधी गाठ आहे. त्यांचंच खरं निघालं. ऑपरेशन रद्द झालं. शिक्षिकेचा नवरा पेढे घेऊन आला आणि भरल्या डोळ्यांनी वाकायला लागला. मॅडमनी पाय मागे घेतले. "पाया पडू नका, शूज नवीन आहेत. आणि मी काही तुमच्या बायकोसाठी केलं नाही. चुकीची वाचलेली स्लाइड मला सहन होत नाही."

पेढे मात्र ठेवून घेतले. आम्हाला एकही दिला नाही.

आता त्या मुलीचं. तिचं नाव स्वरा. दिघाशीची. आंघोळ घालताना वनिताच्या हाताला तिच्या पोटात एका बाजूला टणक काहीतरी लागलं. शहरातल्या एका सर्जनने सोनोग्राफी केली, सुईने तुकडा काढून आमच्याकडे पाठवला. त्या शुक्रवारी सकाळी मॅडमनी मला आत बोलावलं.

"विकास, ये. बघ."

मला मायक्रोस्कोपला डोळा लावू देण्याची ती पहिलीच वेळ. उशीवरून उठून त्या बाजूला उभ्या राहिल्या. खाली निळ्या-जांभळ्या गर्द पेशी दाटीवाटीने बसल्या होत्या, मध्ये मध्ये मोकळे धागे, आणि कुठे कुठे त्याच पेशी गोल करून एखादी नळी करू बघत होत्या. काही नळ्या अर्ध्यावर सोडलेल्या.

"काय करतायत?"

"नळ्या..."

"मोठ्याने."

"किडनी बनवतायत."

"शाब्बास." हा शब्द त्यांच्या तोंडून मी एकदाच ऐकला. त्या वाकल्या आणि माझ्या कानाशी, कधी न ऐकलेल्या मऊ आवाजात म्हणाल्या, "बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नाही, की किडनी केव्हाच बनून झाली. पोटात बनताना थोड्या पेशी मागे राहिल्या असणार. इथे जॉबर परत आला नाही, तो घरी गेलाच नाही."

बिचाऱ्या म्हणजे पेशी. मुलीला त्या 'ती किडनी' म्हणत होत्या.

"बरी होईल?" मी विचारलं.

"ही गाठ औषधाला ऐकते. वेळेवर गेली तर बहुतेक मुलं बरी होतात. मोठ्या हॉस्पिटलला पाठव, मुंबईला. आजच. ही थांबणारी गाठ नाही." आणि त्या परत उशीवर बसल्या.

मग त्या तिघी आत आल्या. आजी, वनिता आणि तिच्या कडेवर स्वरा. मुलीचा बाप कशेळीला गोडाऊनवर कामाला, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. फाइल घेऊन मी दाराशी उभी होते.

"किडनीची गाठ आहे. कॅन्सर. मुंबईला न्यायचं, चिठ्ठी देते."

"कशानं झाली?" आजींनी विचारलं.

मॅडमना बोलताना पेन रोखायची सवय होती. त्यांनी पेनाचं टोपण वनिताच्या पोटाकडे केलं. "कशाने म्हणजे? हिच्या पोटात असतानाच सुरू झालंय ते." आणि डोळा परत मायक्रोस्कोपला.

वाक्य बरोबर होतं. शास्त्र म्हणून त्यात चूक काढता येणार नाही. फक्त कोण पोटात असताना, ते त्यात नव्हतं, आणि पेन कुठे रोखलंय ते होतं. बाकीचं आजींनी स्वतः भरून घेतलं, आणि बाहेर येऊन बाकावर बसताच मुलाला फोन लावला.

"मी बोलले व्हते तुला. गिरान लागला तवा ही कारखान्यात सुताच्या कांड्या भरत बसलेली. सूत तुटला का मार गाठ, सूत तुटला का मार गाठ. पोटुशी बाय गिरानात गाठ मारते का रे? माझ्या टायमाला आम्ही सुईला हात न्हाय लावला. हिनं गाठी मारल्या, पोरीला गाठ आली. आता डाक्टरीन पन त्याच बोलली." पलीकडून काही विचारलं असावं. "मुंबईला जाऊ ना. आधी आमुशाला भगताकडं दोष काढू, मंग जाऊ. अन हिला सोड हिच्या आयशीकडं. पोरीला हात न्हाय लावून द्यायचा हिनं."

अमावास्या पुढच्या आठवड्यात होती.

वनिता उठून काउंटरपाशी आली. मुलीला तिने इतकं घट्ट धरलं होतं की मुलगी झोपेत कुरकुरली. "ताई," ती म्हणाली, "त्या दिवशी मी खरंच मारल्या गाठी. खूप मारल्या. सूतच खराब आलेलं." मग आणखी हळू, "त्याने झालं का?"

मी तिला थांबा म्हटलं आणि आत गेले.

"मॅडम, त्यांना वाटतंय..."

"मोठ्याने."

"त्यांना वाटतंय, तिच्यामुळे झालं."

"मी असं म्हणाले?"

"नाही, पण..."

"मी खोटं बोलले?"

"नाही."

"मग झालं. त्यांना जे वाटतं ते त्यांना वाटतं."

"तुम्ही एकदा बाहेर येऊन सांगितलंत तर... ते तिला मुलीपासून तोडतायत."

"विकास, मी स्लाइड वाचते. सासवा वाचत नाही."

"अमावास्येपर्यंत थांबणार आहेत. भगताकडे जाऊन मग मुंबई."

त्यांनी डोळा उचलला. मला वाटलं, आता उठतील. "मूर्ख आहेत," त्या म्हणाल्या, आणि डोळा परत खाली गेला.

मी बाहेर आले. काउंटरमागे जायच्या ऐवजी बाकासमोर जाऊन उभी राहिले.

"आजी, ही गाठ ती गाठ नाहीये."

"काय बोलते ही?" आजींनी शेजारच्या माणसाला विचारलं.

"सुताची गाठ आपण मारतो. ही कुणी मारली नाही. बाळ बनताना किडनी बनवणाऱ्या पेशी असतात. किडनी झाली की त्या थांबतात. हिच्या थोड्या थांबल्या नाहीत. म्हणजे, त्या अजून किडनीच बनवतायत. ग्रहणाने असं होत नाही. आईकडून काहीच आलेलं नाही."

"तू डाक्टर हायस?"

"नाही."

"मंग गप ऱ्हा ना. डाक्टरीन बोलली, पोटात झालंय."

"पोटात असताना म्हणाल्या!" माझा आवाज एवढा मोठा निघेल हे मलाच माहीत नव्हतं. "असताना! ही मुलगी पोटात असताना! आईने केलं असं नाही म्हणाल्या!"

मुनीरभाई हातमोजे घातलेल्या हातांनी आतून धावत आले. आणि काचेचं दार उघडलं.

मॅडम दारात उभ्या होत्या. आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. आजी उठून उभ्या राहिल्या. "बाय, ही पोरगी बोलते त्या खरं हाय का?"

"अर्धं."

वनिताने डोळे मिटले.

"ग्रहणाचं तिने बरोबर सांगितलं," मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी या नारपोलीत किती बायका कांड्या भरत होत्या? सगळ्यांनी गाठी मारल्या. सगळ्यांच्या पोरांना गाठ आली का?"

"न्हाय."

"मग. आता दुसरं. थोड्या मुलांत ही खोड आईकडून आलेली असते, ते हिने सांगितलं नाही. तशी बापाकडूनही येते. मुलगा कुठाय तुमचा?"

"कशेळीला. गोडाऊनला."

"बोलवा. त्याचंही रक्त तपासू. त्यानेही ग्रहणात काहीतरी बांधलंच असेल, गोडाऊनमध्ये पार्सलं बांधतातच की."

कोपऱ्यातलं कुणीतरी फिसकन हसलं. आजींचा चेहरा ताठ झाला. "माझ्या पोराचा काय संबंध?"

"तेवढाच, जेवढा हिचा. आणि अमावास्येचं म्हणाल तर गाठ पंचांग वाचत नाही. ती आजही वाढतेय, उद्याही वाढेल. आज मुंबईला निघाला नाहीत तर गाठ माझ्याशी आहे."

दार बंद झालं.

एवढ्या सगळ्यात त्यांनी वनिताकडे एकदाही बघितलं नाही. सासूला गप्प केलं, मला खोटं पाडलं, पंचांगाला नावं ठेवली. तुझा दोष नाही, हे तीन शब्द जिला हवे होते तिला ते दिले नाहीत. त्यांना ते सुचलेच नाहीत, असं मी आजही म्हणणार नाही.

स्वराचा बाप दुपारी मोटारसायकलवर आला. त्याचं आईशी जिन्यात काही बोलणं झालं, ते मला ऐकू आलं नाही. वर आला तेव्हा त्याने चिठ्ठी मागितली, मुंबईत कुठे जायचं ते दोनदा विचारून घेतलं आणि खाली रिक्षा थांबवली. "चल गं," तो वनिताला म्हणाला. आजींनी पिशवी उचलली. उठताना वनिताने स्वराच्या फ्रॉकची नाडी परत हातात घेतली. थांबली. मग गाठ मारली आणि मुलीला उचललं.

पुढचं मला मुनीरभाईंकडून तुकड्या-तुकड्याने कळलं. औषधं झाली, मुलीचे केस गेले, ऑपरेशनमध्ये एक किडनी गेली, केस परत आले. हॉस्पिटलमध्ये तिच्यापाशी वनिता होती, शेवटपर्यंत. वनिता परत कांड्या भरायला जाते, असं ते म्हणाले. आजी नातीला घेऊन एकदा लॅबवर आल्या होत्या, मॅडमना नारळ द्यायला. मॅडमनी नारळ मुनीरभाईंकडे दिला आणि विचारलं, "ही कुठली किडनी?"

मी तेव्हा तिथे नव्हते. त्या शुक्रवारीच माझं काम संपलं.

रिक्षा गेल्यावर मॅडमनी आत बोलावलं. दार लावायला सांगितलं. त्या उशीवर बसल्या होत्या, पदराने भिंग पुसत होत्या. दुसरी कुठली तरी स्लाइड लावलेली होती. बोलताना त्यांनी मान वर केली नाही, त्यामुळे माझ्या आठवणीत त्यांचा शेवटचा चेहरा नाही. फक्त वाकलेली पाठ, इस्त्रीची साडी, आणि जमिनीला न टेकणारे पांढरे शूज.

"आईकडून काहीच आलेलं नाही, हे कोणाच्या जोरावर सांगितलंस?"

त्यांनी भिंग परत जागेवर बसवलं.

"टेस्ट झालीय? तू बघितलीस? उद्या टेस्टमध्ये आईकडूनच आलेलं निघालं तर? माझ्या लॅबमध्ये उभं राहून, माझ्या पेशंटला, अर्धवट सायन्स. उद्यापासून येऊ नकोस."

त्यांचं बरोबर होतं. मी चुकीचं बोलले होते. मला जे सांगायचं होतं ते दुसरंच होतं, आणि ते मला बाहेर, बाकासमोर, मराठीत सापडलं नव्हतं. आता सापडलं. मी ते म्हणाले, माझ्या नेहमीच्या आवाजात.

"काय?" मॅडम म्हणाल्या. डोळा मायक्रोस्कोपलाच. "ऐकू आलं नाही. मोठ्याने."

शुक्रवार होता. लूम बंद होते. बाहेर मुनीरभाईंनी काचा धुवायला नळ सोडला होता, त्याचासुद्धा आवाज येत होता. त्यांना ऐकू आलं होतं.

मी दार उघडलं, आवाज बाकापर्यंत जाईल एवढं, आणि परत म्हणाले.

"आईकडून निघालं तरी तिचा दोष नाही, मॅडम."